मापाचे इनसोल, घोट्याचा ब्रेस आणि घरातली सँडल : संक्रांत ते नवरात्र वापरून

सदाशिव पेठेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी सहाला तवा तापतो आणि दुपारपर्यंत मी ओट्यापाशी उभी, शहाबादी फरशीवर, अनवाणी. हे आधीच सांगते, कारण इनसोलचे, म्हणजे बुटात घालायच्या आतल्या तळाचे, जे अनुभव वाचायला मिळतात ते बहुतेक पळणाऱ्यांचे नाहीतर दिवसभर बूट घालणाऱ्यांचे. चुलीपुढे उभं राहणाऱ्या बाईला त्यातलं निम्मं लागू पडत नाही.

दुखणं उजव्या पायाचं. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे सूज, आणि संध्याकाळी तिथे बोट लावलं तरी ठणका. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायाची आग, बोटांना मुंग्या, मधेच सणक. मला ही दोन वेगळी दुखणी वाटायची. रात्रीच्या आगीवर सासूबाईंनी काशाची वाटी काढली, तूप लावून तळपाय घासले. झोप छान लागली, आग गेली नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. डाव्या पायावर जमलं, उजवी टाच काही केल्या फरशी सोडेना. मग घोट्यामागे बोटाने टकटक केलं, तर झिणझिण्या थेट अंगठ्यापर्यंत. पायाची कमान उचलून धरणारं पोस्टिरियर टिबियल टेंडन (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) आणि तळपायाकडे जाणारी नस घोट्यामागच्या एकाच अरुंद बोगद्यातून जातात. टेंडनच्या आवरणाला सूज आली की शेजारची नस दबते, कमान खचली की ती ताणलीही जाते. पायाची आग मधुमेहाने किंवा बी-१२ कमी असल्यानेही होते, म्हणून रक्त तपासलं. शुगर ठीक निघाली, बी-१२ कमी. आम्ही पक्के शाकाहारी, त्यामुळे डॉक्टरांना नवल वाटलं नाही. नसेच्या वहनाची तपासणीही झाली. कुणी इनसोल घ्यायला निघालं असेल तर आधी एवढं करून घ्या, कारण बी-१२ची कमतरता इनसोलने भरून निघत नाही.

आता वस्तूंबद्दल. गुळाच्या पोळ्यांची गर्दी संपल्यावर मापाचे इनसोल करून घेतले. फोमच्या खोक्यात पाय दाबून ठसा घेतात आणि त्यावरून ईव्हीए नावाच्या फोमचा कडक तळ घडवतात, टाचेची आतली बाजू किंचित उंच ठेवून. साडेचार हजार रुपये. पहिल्या जोडीत कमान इतकी उंच होती की बुटात लिंबू ठेवल्यासारखं वाटायचं. ‘सवय होईल, काकू,’ असं दुकानातला मुलगा म्हणाला. मौज अशी की टेंडन त्यावर खूश होतं. संध्याकाळची सूज उतरली, मंडईतून चालत येताना घोटा आत कलायचा थांबला. पण रात्रीची आग वाढली. फिजिओथेरपिस्टने इनसोल हातात घेताच सांगितलं, कमानीचा उंचवटा नसेवरच दाबतोय. टेंडनला भक्कम टेकू हवा आणि नसेला मोकळी जागा, आणि दोघांचा मुक्काम एकाच ठिकाणी. या दुखण्यातली खरी ओढाताण ती हीच. उंचवटा घासून कमी केला, वर मऊ थर चढवला, टाचेचा उतार तसाच ठेवला. त्यानंतर जे सुख लागलं ते आजतागायत आहे. ज्यांना नुसतं टेंडनचं दुखणं आहे त्यांना कडक कमान चालेलही, पण तळपायाला आग असेल तर पैसे देण्याआधी ‘नंतर घासून द्याल का’ हे विचारा. माझ्याकडून त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले, ते मला अजून खुपतं.

हे इनसोल कोल्हापुरीत बसत नाहीत, बेलीत बसत नाहीत. आतला तळ काढता येतो आणि टाचेचा भाग कडक आहे असाच बूट लागतो. तुळशीबागेत असलं काही मिळेल ही आशा सोडा. पावसाळ्यात भिजले की सावलीत वाळवायचे. उन्हात किंवा तव्याच्या धगीजवळ ठेवले तर आकार बिघडतो. साडीखाली बूट कसे दिसतात याबद्दल मला कुणाचं मत नको आहे.

खरा प्रश्न घरातला. मी बुटात असते जेमतेम दोन तास, अनवाणी त्याच्या कितीतरी पट. साडेचार हजारांची वस्तू दारातल्या रॅकवर आणि पाय फरशीवर, मग गुण यायचा कसा? म्हणून मागे पट्टा असलेली, आत कमानीचा आधार असलेली सँडल फक्त स्वयंपाकघरासाठी घेतली. तिने रस्ता पाहिलेला नाही. तरी सासूबाई म्हणाल्याच, “आता देव्हाऱ्यातही घालून जा!” मी म्हटलं, “आई, तिथे मी काढते. ओट्यापाशी मात्र राहू द्या.” चार दिवस अबोला झाला. मग एकदा माझी संध्याकाळची लंगड थांबलेली बघून त्यांनीच विचारलं, तसली त्यांच्या मापाची मिळेल का. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त उपयोग या सँडलचा झाला आणि ती इनसोलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

ब्रेसचा, म्हणजे घोट्याला आधार देणाऱ्या आवरणाचा, उपयोग मर्यादित. दोरीने बांधायचा, दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला आहे. पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या तेव्हा दिंडीसाठी पोळ्या करून पाठवल्या, त्या दोन दिवसांत त्याने पाय तारला. पण आतली पट्टी घट्ट ओढली की नेमकी नसेवर येते आणि मुंग्या सुरू. सैल बांधा आणि रोज घालू नका. अॅक्टिव्हाला डबल स्टँड लावताना सगळा जोर उजव्या पायावर येतो, ते काम मी मुलावर सोपवलंय. साइड स्टँड आमच्या गल्लीतल्या उतारावर भरवशाचा नाही.

औषधाचं थोडक्यात सांगते. रात्रीसाठी प्रीगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, दिली होती. आग कमी झाली, पण पहाटे डोकं जड, चक्कर आल्यासारखं, आणि समोर तापलेला तवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं तेव्हा त्यांनी डोस कमी करून संध्याकाळी लवकर घ्यायला लावलं. ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनला त्यांनी नकार दिला, कारण त्याने टेंडन कमजोर होऊन फाटण्याची भीती असते. शेजारच्या काकांनी टाचेत घेतलेलं इंजेक्शन लागू पडलं, पण त्यांचं दुखणं निराळं होतं.

व्यायाम कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. रबरी पट्टा लावून पाऊल आत वळवायचं, दोन्ही टाचांमध्ये चेंडू धरून टाचा उचलायच्या. घोट्यामागे या टेंडनला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, त्यामुळे सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते. मी कणीक भिजत ठेवली की ओट्याला धरून करून घेते. एका पायावर उजवी टाच उचलता आली ती श्रावणात. रस्त्याच्या कडेने चालायचं टाळते, तिथल्या उताराने पाऊल कलतं. संभाजी उद्यानात फिरणं बरं पडतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या अजून नाहीत. चढणं जमेल, उतरण्याची खात्री नाही.

नवरात्रात दरवर्षी चतुःशृंगीला अनवाणी जायचे. यंदा बूट घालून गेले आणि पायथ्याशी काढले.

आज तळपायाची आग आठवड्यातून एखाद्या रात्री, तीही जास्त उभं राहिल्यावर. इनसोलचा टाचेखालचा थर बसत चाललाय, बोटाने दाबला की पूर्वीसारखा वर येत नाही. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत नवा थर लावून घेणार आहे, पण दुसऱ्या दुकानातून.