वास गेला, बिल अजून यायचंय

घरातला वास घालवणाऱ्या प्लंबरबद्दल हा अभिप्राय. सांगलीत विश्रामबागेत मी घरीच पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. गेल्या वर्षी वरचा मजला चढवला. भिंती झाल्या, स्लॅब पडला आणि पैसे संपले. वरच्या बाथरूममध्ये नुसते पाइप उभे करून, त्यांच्या तोंडात सिमेंटची रिकामी पोती कोंबून कंत्राटदार गेला तो गेलाच.

वास पहिल्यांदा पोरांना आला. "बाई, नासकं अंडं हाय काय हितं?" आमच्यात अंडं शिजत नाही, म्हणून मी आधी विचारणाऱ्या पोराचाच डबा तपासला! आम्हा घरच्यांना काही जाणवतच नव्हतं. त्या वासाला नाक फार लवकर सरावतं. मग दोन महिने फिनेल, कापूर, डांबरगोळ्या. घराला दवाखान्याचा वास यायला लागला, अंड्याचा होताच.

शेवटी शंभर फुटी रस्त्यावरच्या एका हार्डवेअर दुकानदाराने प्लंबर पाठवला. मंगळवारी येतो म्हणाले, गुरुवारी उगवले. एक तारा इथेच कापला.

काम मात्र डोकं लावून केलं. चार इंची पाइपच्या तोंडावर त्यांनी पातळ कॅरीबॅग रबराने बांधली, बाकीच्या दोन तोंडांवर ओली फडकी दाबली आणि एका पोराला खाली फ्लश करायला पाठवलं. पिशवी आधी आत ओढली गेली, चिकटली, आणि मग पुरीसारखी टम्म फुगली. "पाणी खाली जाताना हवा वढतंय, आन् टाकीत पडलं की तिथला गॅस वर येतोय. संडासाचं भांडं बसलं की त्याच्या वाकात पाणी ऱ्हातं, त्येच बूच. तुमच्यात भांडंच न्हाई काकू, म्हंजे सेप्टिक टाकी घरातच उघडी."

मी म्हटलं, मग तिन्ही तोंडं बंद करून टाका. ते हसले. तिसरा पाइप व्हेंटचा, म्हणजे हवा ये-जा करायचा होता. कंत्राटदाराने तो गच्चीच्या वर न नेता बाथरूममध्येच सोडलेला. तो बंद केला तर फ्लशबरोबर खालच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालच्या वाकातलं, पाणी ओढलं जाईल आणि वास खालून सुरू होईल, असं त्यांचं म्हणणं. कॅरीबॅग आत ओढली जाताना नुकतीच पाहिली होती, म्हणून लगेच पटलं. तो पाइप व्हेंटिलेटरच्या भोकातून बाहेर काढून भिंतीलगत गच्चीच्या कठड्यावर नेला, वर काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, बसवली. उरलेल्या दोन तोंडांना रबर रिंगची झाकणं लावली. सोल्युशनने चिकटवली नाहीत, म्हणजे पुढे भांडं बसवताना पाइप कापायला नको.

खालची पाहुण्यांची न्हाणीही त्यांनी न सांगता पाहिली. वापर नाही, ट्रॅप कोरडा ठणठणीत. आता दर शनिवारी तिथे तांब्याभर पाणी ओतते. गावाला जायचं असेल तर वर चमचाभर गोडंतेल टाका म्हणाले, पाणी लवकर उडत नाही.

सामान 1,640 रुपये, मजुरी 700. कंत्राटदाराने व्हेंट तेव्हाच वर नेला असता तर यातलं निम्मं वाचलं असतं, पण ते जाऊ दे. नव्या भिंतीवर सोल्युशनचे ओघळ आहेत आणि पाइपचे तुकडे मीच उचलले. दुसऱ्या आठवड्यात तोच अंडंवाला पोरगा दारात उभा राहून नाक वर करून हुंगला आणि काही न बोलता बसला.

पाचपैकी चार तारे. बिल मागितलं तर म्हणाले, "व्हॉट्सअॅपवर टाकतो की." तीन आठवडे झाले.