पूल, मालवण की अंदमान? व्हीलचेअरवरून स्कूबा करायचं ठरवताना

वागळे इस्टेटचा एक मुलगा माझ्याबरोबर फिजिओला येतो, बाईकच्या अॅक्सिडेंटनंतर व्हीलचेअरवर आहे, त्याने परवा विचारलं, ताई तू स्कूबा केलंस ना, मग मी मालवणला जाऊ का अंदमानला, का आधी इथेच पूलमध्ये करून बघू? तिथे बोलून संपलं नाही, घरी येऊन व्हॉइस नोट केली तीसुद्धा अकरा मिनिटांची झाली, म्हणून आता नीट लिहूनच काढते, अजून कोणाला ठरवायचं असेल तर उपयोगी पडेल. मी ऐरोलीत राहते, माझी मणक्याची इजा डी-१२ला, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याला, कमरेखाली हालचाल नाही, संवेदना जवळजवळ नाही, हात मात्र चांगले मजबूत आहेत. तिन्ही ठिकाणी मी स्वतः पाण्यात उतरलेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पाण्याखाली गेल्यावर आपल्यासाठी गोष्टी सोप्या होतात, अंगाचं वजनच जाणवत नाही, हाताने पाणी मागे सारलं की पुढे जातो. खरी अडचण आहे ती पाण्यापर्यंत पोचायची आणि पाण्यातून परत खुर्चीत यायची. फोनवर सगळे विचारतात किती खोल नेणार, मासे दिसतात का, व्हिडिओ मिळणार का, आणि खुर्चीतून बोटीत कसं घेणार हे विचारायचंच राहून जातं. माझंही पहिल्यांदा राहिलं होतं. त्यामुळे मी ही तीन ठिकाणं ह्याच एका गोष्टीवरून बघते.

पूलपासून सुरुवात करते. नवी मुंबई-ठाण्यात स्कूबाचे इन्स्ट्रक्टर पूल भाड्याने घेऊन सेशन देतात, चार-पाच फूट पाणीही पहिल्या दिवसाला पुरतं. लोकांना वाटतं पूलमध्ये काय बघायचंय, टाइल्सच. पण तोंडाने श्वास घेणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने बाहेर काढणं, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून सिलेंडरची हवा घेतो तो, सुटला तर परत पकडणं हे सगळं तिथे निवांत शिकता येतं आणि काही वाटलं तर दोन सेकंदात डोकं वर. मला पूलमध्येच कळलं की माझे पाय वर तरंगतात. पायातले स्नायू बारीक झालेत ना, त्यामुळे ते खाली राहतच नाहीत आणि अंग पालथं व्हायला बघतं, मग इन्स्ट्रक्टरने घोट्यांजवळ अर्ध्या अर्ध्या किलोची वजनं बांधली तेव्हा कुठे मी आडवी सरळ राहिले. हे समुद्रात कळलं असतं तर मी घाबरले असते. काठावरून उतरायला मी योगा मॅटची चौघडी करून कडेला टाकते, त्यावर बसते आणि मग हातांवर आत, टाइल्सची कड मांडीला लागत नाही. किट पाण्यात उतरल्यावरच चढवायचं, काढायचंही पाण्यातच, सिलेंडरसकट कोणाला उचलायला लावायचं नाही. पूलची खरी अडचण म्हणजे चेंजिंग रूमचे दरवाजे. जायच्या आधी दरवाजा किती इंचाचा आहे ते टेप लावून मोजून सांगायला सांगा, ‘जाईल हो खुर्ची’ ह्यावर विश्वास ठेवू नका.

आता मालवण-तारकर्ली. जवळ आहे, आपल्या भाषेत बोलणारी माणसं आहेत, कोकणकन्या ठाण्याला आणि पनवेलला थांबते, रात्री बसलं की सकाळी कुडाळ. अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर स्लीपरला ७५ टक्के सवलत आपल्यालाही आणि सोबतच्या माणसालाही. माझा आणि आईचा सगळा खर्च धरून साडेअकरा हजारात झालं होतं. पावसाळ्यात बंद असतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ. तिथे जो टुरिस्टांचा स्कूबा असतो त्यात आपण फक्त श्वास घ्यायचा, बाकी सगळं माणूस मागून धरून करतो, पंधरा-वीस मिनिटांत वर. ते वाईट नाही, उलट पोहता न येणाऱ्यालाही समुद्र आतून बघायला मिळतो, पण सिझनला मागे रांग असते आणि घाई आपल्या शरीराला परवडत नाही.

पहिल्या वेळी माझं काय झालं ते सांगते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला बोट उभी, डाइव्ह झालं, मी खूप खुश, वर घेताना दोन मुलांनी मला काखेतून आणि पायातून धरून बोटीच्या कडेवरून आत ओढलं. मुलं मनाने चांगली होती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मला काही दुखलं नाही कारण मला दुखतच नाही. रात्री रूमवर आईने मोजे काढले आणि ती एकदम गप्प झाली, उजव्या टाचेची कातडी रुपयाएवढी सोललेली, मोजा रक्ताने चिकटलेला. ती जखम भरायला पाच आठवडे गेले, पाच आठवडे पायात बूट नाही, आणि प्रेशर सोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, काय असते हे ज्यांनी भोगलंय त्यांना मी त्या पाच आठवड्यांत काय विचार करत होते ते सांगायला नको. बुकिंग घेणाऱ्याला मी व्हीलचेअर आहे एवढंच सांगितलं होतं, त्याने काही विचारलं नाही आणि मीही समजावलं नाही.

दुसऱ्यांदा गेले ती तयारीने. मधल्या वारी गेले, आदल्या दिवशी जाऊन अर्धा तास त्या लोकांशी बोलले, कसं धरायचं ते दादाने त्यांना करून दाखवलं, पायात जाड निओप्रीनचे बूट, बोटीच्या कडेवर फोमची गादी, आणि वर घेताना आधी किट पाण्यातच काढलं. तीच बोट, तोच समुद्र, एक ओरखडा नाही. मग मालवण नको असं मी का म्हणू? तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा ट्रेनिंगचं इन्स्टिट्यूटही आहे, तिथे शिकवण्यासाठी खोल पूल आहे, तेव्हा नुसतं वीस मिनिटांचं नाही तर शिकायचंच असेल तर तिथे आधी बोलून बघा.

अंदमानचं गणित वेगळं. आधी विमान, मग पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून फेरीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. प्रत्येक टप्प्याला एक ट्रान्सफर, विमानात अरुंद खुर्ची, फेरीचा हलणारा रॅम्प, बेटावर वाळू, दोघांचे पाच दिवसांचे आमचे ८५ हजारांच्या आसपास गेले. पण मी अडॅप्टिव्ह ट्रेनिंग, म्हणजे अपंग माणसांना स्कूबा शिकवायचं ट्रेनिंग, घेतलेला इन्स्ट्रक्टर शोधून मगच बुक केलं होतं आणि फरक पहिल्या व्हिडिओ कॉललाच कळला. त्याने चाळीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले, इजा कुठली, बसल्यावर तोल राहतो का, ट्रान्सफर डावीकडून करतेस का उजवीकडून, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कधी लावतेस, कातडी कुठे नाजूक आहे. ऑपरेशननंतर इतक्या सरळपणे मला डॉक्टर सोडून कोणी विचारलं नव्हतं. तिथे नीमो रीफला किनाऱ्यावरूनच पाण्यात जाता येतं, बोट लागतच नाही. त्यांनी मला कमरेएवढ्या पाण्यापर्यंत नेलं, तिथे किट घातलं, हातात बोटांमध्ये पडदा असलेले ग्लोव्ह्ज, आणि मी आठ मीटरवर माझ्या हातांनी पोहत होते. इन्स्ट्रक्टर बाजूला होता, मला धरून नव्हता. एक मोठा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता त्याचा कुरकुर आवाज मला येत होता, मी थांबले, तोही थांबला, आणि मला तेव्हा पाय आठवलेही नाहीत. नंतर परतीच्या विमानाआधी वेळ सोडावा लागतो, एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केले तर १८, आम्ही पूर्ण दिवस सोडला.

पुढे स्कूबा शिकल्याचं कार्ड घ्यायचं असेल तर तिथेही दोन वाटा आहेत आणि ह्यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पॅडी ही स्कूबा शिकवणारी संस्था, तिचं ओपन वॉटर हे पहिल्या पायरीचं कार्ड सगळ्यांना एकच, १८ मीटरपर्यंतचं, करायची पद्धत बदलून चालते, म्हणजे पायाऐवजी हाताने पोहा, पण अट सुटत नाही, पोहणं, तरंगणं, मास्क काढून घालणं तुमचं तुम्हालाच जमलं पाहिजे. अडॅप्टिव्ह टेक्निक्सचा त्यांचा कोर्स २०१७मध्ये आला. दुसरी वाट अमेरिकेतल्या हॅंडिकॅप्ड स्कूबा असोसिएशनची, ती १९८१पासून आहे, त्यांचं म्हणणं असं की तुम्हाला काय जमतं ते बघून तुमच्याबरोबर किती माणसं हवीत ते ठरवू. ए लेव्हलला एक बडी, म्हणजे बरोबर डाइव्ह करणारा जोडीदार, पुरतो, बी लेव्हलला दोन लागतात, सी लेव्हललाही दोनच पण त्यातला एक रेस्क्यू शिकलेला हवा. माझ्यासारखे हात चांगले असतील तर मी पॅडी म्हणेन, कारण तेच कार्ड जगभर सगळ्यांकडे असतं. ज्यांचे हातही कमजोर आहेत, नाक दाबून कान मोकळे करायला दुसरं माणूस लागतं, त्यांनी दुसऱ्या वाटेला कमी समजू नये, तिच्यामुळे कितीतरी माणसं समुद्रात गेली आहेत.

आता त्या मुलाचं. त्याची इजा डी-४, म्हणजे माझ्यापेक्षा बरीच वर, आकडा लहान तितकी इजा वर, आणि इथे माझा अनुभव त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. डी-६ आणि त्याच्या वर इजा असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे इजेच्या खाली काही टोचलं-दाबलं की बीपी भडकण्याचा, धोका असतो, लघवीची पिशवी भरली, नळी दुमडली, वेटसूट कुठे घट्ट बसला एवढ्यानेही बीपी एकदम चढू शकतं. अंगाचं तापमानही सांभाळलं जात नाही, पाणी सगळ्यांना कोमट वाटत असताना तो गारठू शकतो. शिवाय पोटाचे आणि छातीचे काही स्नायू काम करत नाहीत, खोकून घसा मोकळा करायची ताकद कमी पडते. म्हणून त्याला मी आधी रिहॅबच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, माझं रिहॅब हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये झालं, तिथलंच सुचवलं. स्कूबाचा मेडिकल फॉर्म असतो तो घेऊन जायचा आणि काही लपवायचं नाही, फिट येत असतील तर ते तर मुळीच लपवायचं नाही.

ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्यांचं सगळं वेगळं, त्यांना बोटीत चढायचा प्रश्न फारसा नाही. कर्णबधिर माणसं तर खाली आपल्यापेक्षा जास्त बोलतात, हातांची भाषा त्यांची आधीचीच, बाकीचे चार खुणांवर भागवतात. दिसत नसेल तर हात दाबून खुणा ठरवतात, किती वेळा दाबलं की काय, आणि ते आधी पूलमध्ये पक्कं करायला लागतं.

तर माझं मत. हात मजबूत, इजा खाली, बजेट कमी असेल तर पूलची दोन सेशन आणि मग मालवण, पण वीकेंडला नाही आणि घरचं एक माणूस बरोबर हवंच. इजा वर असेल, हात कमजोर असतील, तर घाईने मालवण नको, पैसे साठवून अडॅप्टिव्ह शिकलेल्या माणसाकडे जा, मग ते अंदमान असो की दुसरीकडे, जागेपेक्षा माणूस महत्त्वाचा. फोनवर एकच प्रश्न विचारा, मला पाण्यातून बाहेर कसं काढणार ते पहिल्यापासून सांगा. जो ‘काळजी करू नका, होतं सगळं’ म्हणतो तिथे बुक करू नका. जो उलट तुम्हालाच प्रश्न विचारायला लागतो त्याला पैसे द्या.

त्या मुलाला डॉक्टरांनी हो म्हटलं तर पुढच्या महिन्यात त्याचं पहिलं पूल सेशन आहे. मी बरोबर जाणार आहे, योगा मॅट माझीच नेऊ.