रायझन ५ ७६००: गेमिंग पीसीचा पाया म्हणून कसा आहे, आणि त्याच्याभोवती काय जुळवावं

गेमिंगसाठी नवा पीसी जुळवताना पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डात गेला पाहिजे. बाकीचे भाग त्या कार्डाला अडवणार नाहीत एवढे चांगले असले की पुरे. या कसोटीवर एएमडीचा रायझन ५ ७६०० आजही मध्यम बजेटची सर्वांत सरळ निवड आहे. जानेवारी २०२३ मध्ये २२९ डॉलरला आलेला हा प्रोसेसर आता नवा राहिलेला नाही. पण १०८० किंवा १४४० रेझोल्यूशनला १०० ते १४४ फ्रेम हव्या असतील, तर बहुतेक गेममध्ये आधी ग्राफिक्स कार्ड दमतं, हा नाही.

यात ६ कोअर, १२ थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) आहे, वेग ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो कमाल ८८ वॅट ओढतो, आणि गेम खेळताना त्याहून बराच कमी. खोक्यात रेथ स्टेल्थ नावाचा छोटा कूलर मिळतो. शिवाय चिपमध्येच अगदी साधं ग्राफिक्स आहे. गेमसाठी ते निरुपयोगी, पण ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत गेलं तर महिनाभर पीसी बंद पडत नाही, आणि पहिल्या जोडणीत डिस्प्ले आला नाही तर दोष कार्डात आहे की बाकी कुठे हे लगेच कळतं. याच कारणासाठी थोडा स्वस्त ७५००एफ टाळावासा वाटतो, कारण त्यात हे ग्राफिक्स नाही. ७६००एक्स म्हणजे हीच चिप, ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत ताणलेली, वर १०५ वॅटचं रेटिंग आणि खोक्यात कूलर नाही. गेममधला फरक डोळ्यांना जाणवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला पुढच्या पिढीचा ९६००एक्स भावात फार वर नसेल तर जरूर घ्या, मात्र कूलरचा खर्च त्यात धरा.

दुकानात भाव विचारताना एक गोष्ट स्पष्ट विचारायची: ‘बॉक्स पीस आहे की ट्रे?’ ट्रे म्हणजे सीलबंद खोक्याशिवाय, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये येणारा प्रोसेसर. चिप तीच असते, पण कूलर मिळत नाही, आणि बॉक्स पीसला असलेली एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही. दुकानदार स्वतः जी देईल तेवढीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, एखाद्याचा भाव बाकीच्यांपेक्षा अचानक खूप खाली दिसला तर बहुधा तो ट्रेचा असतो. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

मदरबोर्डला बी६५० चिपसेट पुरेसा आहे. एक्स६७०वर जास्तीचे पैसे घालून गेममध्ये एकही फ्रेम वाढत नाही. ए६२० बोर्डवरही ७६०० नीट चालतो आणि रॅमचं प्रोफाइलही (तिच्या पूर्ण वेगाचं तयार सेटिंग) लागतं. पण स्वस्त ए६२० बोर्डांवर व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक नसतो, आणि पुढे त्यावर मोठा प्रोसेसर बसवायचा तर तीच गोष्ट आड येते. एएम५ सॉकेट (७६०० बोर्डवर ज्यात बसतो ते) घेण्याचं मुख्य कारणच हे आहे की एएमडीने त्याला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं जाहीर केलं आहे. आज ७६००, तीन वर्षांनी त्याच बोर्डवर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी हे जादा कॅशचे प्रोसेसर, हा मार्ग मोकळा ठेवायचा असेल तर बोर्डात काटकसर करू नका.

बोर्डवर बायॉस (बोर्ड सुरू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण आहे का, हे नक्की पाहा. त्याने प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येतं. जुन्या स्टॉकमधल्या बी६५० बोर्डवर ९००० मालिकेचा प्रोसेसर नव्या बायॉसशिवाय सुरूच होत नाही, तेव्हा हे बटण वाचवतं. ७६००ला ती अडचण नाही, तरी बायॉस अद्ययावत कराच. २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती मर्यादा त्यानंतरच्या बायॉसमध्येच आहे.

आता रॅम. या पीसीत सर्वांत जास्त चुका इथे होतात. हवा तो संच असा: १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या, डीडीआर५-६०००, सीएल३० (सीएल म्हणजे उत्तर द्यायला रॅमला लागणारा वेळ, कमी तितका चांगला), एक्स्पो हे एएमडीचं रॅम प्रोफाइल असलेल्या. ६०००च का? त्या वेगाला रॅमचं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ असतं आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्याच गतीने पावलाला पाऊल मिळवून चालतो. ६४००च्या पुढे बहुतेक चिपना ते झेपत नाही. मग कंट्रोलर अर्ध्या गतीवर येतो आणि खोक्यावरचा मोठा आकडा कामाचा राहत नाही. सीएल३० म्हणजे ६०००ला १० नॅनोसेकंदांची वाट, सीएल३६ म्हणजे १२. फरक आहे, पण लहान.

२०२५च्या शेवटच्या महिन्यांत डीडीआर५चे भाव दुपटीहून अधिक चढले, त्यामुळे ‘आत्ता एकच पट्टी, दुसरी नंतर’ असा विचार मनात येतो. तो सोडून द्या. एका पट्टीवर रॅमची रुंदी निम्मी होते आणि गेममध्ये हिसके बसतात. नंतर आणलेली दुसरी पट्टी त्याच नावाची असली तरी आतले चिप वेगळे असू शकतात. त्यापेक्षा ५६०० किंवा सीएल३६ची स्वस्त जोडी परवडते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या हाही चांगला मार्ग नाही. १६ जीबी आजच्या गेमना जेमतेम पुरते, शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ पट्टीत चिप कमी आणि त्यातले बँक गटही निम्मे, म्हणून ती मुळातच हळू असते. आणि पुढे आणखी दोन पट्ट्या लावून चार करू म्हणाल, तर चार पट्ट्यांना या प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० इतका खाली येतो.

पट्ट्या बसवायच्या त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्यांदा पीसी सुरू केल्यावर पडदा काळा राहतो आणि बोर्डवरचा ‘डीरॅम’ दिवा पेटून राहतो. इथे घाबरून कित्येक जण बटण दाबून पीसी बंद करतात, पुन्हा लावतात, आणि हे चक्र संपत नाही. त्या वेळी बोर्ड रॅमची जुळणी तपासत असतो. काही मिनिटं लागतात, दहा मिनिटंही लागू शकतात. हात न लावता थांबा. विंडोज चढवल्यावर बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो सुरू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वर पडून राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तो एकदा बघून घ्या.

सोबतचा स्टेल्थ कूलर गेमला चालतो, पण आवाज करतो, आणि व्हिडिओ रेंडर करताना चिपला ९५ अंशांच्या मर्यादेपर्यंत जाऊ देतो. खोलीचं तापमान जितकं चढेल साधारण तितकंच चिपचंही चढतं, हे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विसरून चालत नाही. एकच १२० मिमी पंखा आणि चार हीटपाइप असलेला टॉवर कूलर, उदाहरणार्थ डीपकूलचा एजी४००, या प्रोसेसरला भरपूर होतो. पाण्याच्या कूलरची अजिबात गरज नाही. एएम५ सॉकेटच्या मागची लोखंडी पाटी काढायची नसते, कारण सॉकेट तिच्यावरच धरलेलं असतं. पुढचे दोन प्लॅस्टिकचे कंस मात्र चार स्क्रू काढून सोडवावे लागतात, स्टेल्थ लावतानाही. प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत, त्यांत थर्मल पेस्ट उतरते. नेहमीची पेस्ट वीजवाहक नसते, म्हणून बिघडत काही नाही, फक्त पुसताना वेळ जातो.

ग्राफिक्स कार्डात या प्रोसेसरला शोभणाऱ्या दोन निवडी आहेत: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. दोन्ही २०२५ची, दोन्हींची मेमरी बस १२८ बिटची. जाहीर किंमत पहिल्याची ३४९ डॉलर, दुसऱ्याची ४२९. नुसते गेम खेळायचे असतील तर पहिलं घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या मॉनिटरला लावा. ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरचं काम किंवा रे ट्रेसिंगची (गेममधल्या खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्यांची) आवड असेल तर दुसरं. सावध राहायचं ते नावापाशी. दोन्ही कार्डं अगदी याच नावाने ८ जीबीतही विकली जातात. नव्या गेमचे भारी टेक्स्चर ८ जीबीत मावत नाहीत, उरलेला भाग मदरबोर्डवरच्या रॅममध्ये ढकलला जातो, आणि सरासरी फ्रेम बऱ्या दिसत असतानाही गेम मध्येच अडखळतो. हे सेटिंग उतरवल्याशिवाय सुटत नाही. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा, बिलावरचाही.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी विचार होतो. ९०६० एक्सटीचे १६० वॅट, प्रोसेसरचे कमाल ८८, बाकी सगळ्याचे ५० धरले तर बेरीज ३००च्या आसपास येते. त्यामुळे चांगल्या बनावटीचं ५५० वॅटचं पुरतं. पुढे मोठं कार्ड घ्यायचं असेल तर ६५०. ८० प्लसचा ब्राँझ-गोल्ड शिक्का फक्त वीज किती वाया जात नाही हे सांगतो, सुरक्षेबद्दल काहीच नाही. शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि तापमान यांपासूनचं संरक्षण तपशिलात लिहिलेलं आहे का ते पाहा, आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी असलेलं घ्या. मॉड्युलर (केबल सुट्या होणारं) एसएमपीएस असेल तर जुन्या एसएमपीएसची केबल त्याला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. केबल बसते, आणि बारा व्होल्ट पाचच्या जागी जाऊन एसएसडी जळतो.

पीसीला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष सहसा पीसीत नसतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात आणि त्यांतून येणारा अगदी थोडा करंट अर्थिंगमधून जायचा असतो. घराला अर्थिंगच नसेल, किंवा दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर पीसी लावला असेल, तर तो तुमच्या हातातून जातो. पीसीवर खर्च करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी तो साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना हा पीसी मॉनिटरसह भिंतीतून ३३०च्या घरात ओढेल. म्हणजे लाइट गेल्याक्षणी यूपीएस ओरडेल आणि कदाचित बंदही पडेल. गेम जतन करून नीट बंद करण्याइतका वेळ हवा असेल तर १००० व्हीएच्या वरचा घ्या.

एसएसडी १ टीबीचा, एनव्हीएमई, चौथ्या पिढीचा आणि टीएलसीचा (एका पेशीत तीन बिट साठवणारा). पाचव्या पिढीचा वेग गेममध्ये दिसत नाही. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त असतो, पण भरत आला की मोठी फाइल लिहिताना एकदम मंदावतो. कॅबिनेट जाळीच्या पुढच्या बाजूचं, पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर, आणि धुळीची जाळी काढून धुता येईल असं. काचेच्या बंद तोंडाचं कॅबिनेट कितीही देखणं दिसलं तरी आपल्या हवेत नको.

जोडणीत प्रोसेसरचा कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. काळं झाकण हाताने उपटू नका, दांडी दाबताना ते आपोआप सुटतं. ते जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड देताना मागतात. एएम५मध्ये पिना बोर्डवर आहेत, आणि वाकलेली एक पिन वॉरंटी घालवायला पुरते.

शेवटी मॉनिटरची केबल. ती ग्राफिक्स कार्डालाच लावायची. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे केबल चुकून मदरबोर्डला लावली तरी चित्र व्यवस्थित येतं, आणि गेम मात्र दहा-पंधरा फ्रेमवर रखडतो. कार्ड खराब आलं म्हणून दुकानात परत नेण्याआधी हे बघा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर बऱ्याचदा ६०वरच सुरू होतो.

हा प्रोसेसर कुणी घेऊ नये? २४० हर्ट्झवर स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांनी. तिथे ९६ एमबी कॅशचा ७८००एक्स३डी खरोखर वेगळा आहे. आणि ज्यांच्या घरी ३२ जीबी डीडीआर४ रॅम चांगल्या स्थितीत पडून आहे त्यांनी. रॅमच्या आजच्या भावात त्यांना बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० घेऊन वाचलेला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात टाकणं जास्त फायद्याचं पडेल.