मेटल सीलिंग: उष्णता आणि आवाज एकाच थरात अडवायचे की दोन थरांत?

सीलिंगच्या छिद्रांच्या मेटल टाइलवर रॉकवूलची (दगडाच्या तंतूंची) गादी टाकली की उष्णताही अडते आणि आवाजही, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. फक्त कुठला आवाज, हे आधी विचारायला हवं.

खोलीतला घुमारा शोषणं वेगळं आणि शेजारच्या केबिनमधलं बोलणं अडवणं वेगळं. घुमाऱ्यासाठी छिद्रं लागतात, बोलण्यासाठी वजन आणि फटी नसणं. कोरा पत्रा आवाज जवळजवळ सगळा परत फेकतो. त्यालाच छिद्रं पाडून मागे काळं फ्लीस (पातळ, न विणलेलं कापड) चिकटवलं, टाइल आणि वरच्या स्लॅबमध्ये पुरेशी पोकळी ठेवली, की एनआरसी (आवाज शोषण्याचा आकडा: ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे जवळपास सगळा) साधारण ०.६ ते ०.७ मिळतो. गादीने तो आणखी वाढतो.

आता गादी टाइलवरच ठेवली तर? ५० मिमी रॉकवूलचा उष्णतारोध सुमारे १.२५ (चौ. मी. केल्विन प्रति वॅट) भरतो, कागदावर छानच. पण घनमीटरला ४८ किलो घनतेची गादी म्हणजे चौरस मीटरला २.४ किलो जादा वजन; ग्रिड (टाइल पेलणारी चौकट) आणि हँगर (तिला टांगणाऱ्या तारा) तेवढं वजन पेलणारे हवेत. आणि खरी अडचण नंतर येते. इलेक्ट्रिशियन टाइल उघडतो, गादी बाजूला सारतो, वायर ओढतो आणि टाइल लावून निघून जातो. गादी सरकलेलीच राहते, खालून कुणाला दिसतही नाही. शिवाय सगळ्यात वरच्या मजल्यावर गादीच्या वरची पोकळी तापते आणि एसीचे डक्ट नेमके तिथूनच जातात. थंड हवामानात उलटं: खोलीतली वाफ छिद्रांतून वर जाऊन गार छताला पाणी धरते.

दुसरा मार्ग म्हणजे इन्सुलेशन छताच्या पोटाला आणि टाइलला फक्त फ्लीस. पोकळी खोलीच्याच तापमानाजवळ राहते, टाइल कितीही वेळा उघडा. इथे पीआयआर बोर्ड (कडक फोमचा इन्सुलेशन बोर्ड) कमी जाडीत काम करतो, पण तो आवाज शोषत नाही आणि आगीला रॉकवूलइतका निर्धास्तही नाही.

वर थेट इमारतीचं छत असेल तर मी दुसराच मार्ग घेईन. छताच्या पोटापर्यंत पोचताच येत नसेल तरच पहिला. मधल्या मजल्यावर वर-खाली सारखंच तापमान असेल तर उष्णतेचा प्रश्नच नाही, गादी घ्यायची ती आवाजासाठी. केबिनची गुप्तता हवी असेल तर दोन्ही अपुरे: पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, नाहीतर टाइलच्या पाठीला जिप्सम बोर्ड लावा.

ऑर्डर देण्याआधी टाइल, फ्लीस आणि गादी अशा पूर्ण जोडणीचा चाचणी अहवाल मागा. तो ४०० मिमी पोकळीवर घेतलेला असेल आणि तुमच्याकडे १०० मिमीच असेल, तर खर्जातले आकडे तुमच्या खोलीला लागू नाहीत.