लहान मुलांना इंग्रजी शिकवायला: सायगॉनचं सेंटर की थायलंडची शाळा?

चांगली चालू नोकरी सोडून परदेशी पोरांना इंग्रजी शिकवायला जायचं एकदा ठरलं, की आपल्या पासपोर्टवर फार दारं उघडत नाहीत. कोरियाचा भाषा शिकवण्याचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो, त्यात आपण नाही. उरतात मुख्यतः व्हिएतनाम आणि थायलंड. मी दोन्हीकडे शिकवलं. सुटीत नागपूरला आलो की धरमपेठेतल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला: "पैसा तिकडे जास्त होता ना बे, मग थायलंडमध्ये काऊन राहून राहिला?"

पैसा होता, नाही कशाला म्हणू. सायगॉनमध्ये, म्हणजे व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात, सेंटर (इंग्रजीची खासगी शिकवणी) तासावर पैसे देतं आणि तिथले पालक इंग्रजीवर हात सैल सोडतात. महिनाअखेर माझ्या हातात तरी तिकडेच जास्त उरायचे. कागदपत्रांतही व्हिएतनाम मला सोपं गेलं. वर्क परमिट दोन वर्षांपर्यंतचं मिळतं, त्यावर रहिवासी कार्ड काढलं की हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा. थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, आणि री-एंट्री परमिट न घेता देश सोडला तर व्हिसा रद्द. घरून वाईट बातमीचा फोन आला तरी आधी तो शिक्का. शिवाय बी.एड. नसेल तर शिक्षक परिषदेकडून शिक्षक-परवान्यातून तात्पुरती सूट घ्यायची आणि ती संपायच्या आधी पुढची तजवीज करायची.

एवढं सगळं व्हिएतनामच्या पारड्यात असूनही मी तिथून निघालो, ते वेळेपायी.

शाळा सुटली की सेंटर भरतं. म्हणजे रोज संध्याकाळ, आणि शनिवार-रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत. सहाच्या बॅचला एक पाच वर्षांचा पोरगा यायचा, आजोबांच्या स्कूटरवर, शाळेच्याच गणवेशात, हातात दुधाचा डबा. सकाळी सातपासून तो कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेला. मी पाणघोड्याचं कार्ड वर धरायचो, तो कार्डाकडे बघत बघतच मान टाकायचा. सोबतची सहायक ताई त्याला हलवायची, तो रडायचा, आणि बाहेर काचेतून आजोबा बघत असायचे. वर्ग लहान, साहित्य उत्तम, मदतीला माणूस. पण झोपेला आलेल्या लेकराला काय शिकवणार? माझ्या घरी तर वेगळीच तऱ्हा. मुलगी शाळेतून यायची तेव्हा मी बूट घालत असायचो. तिला सुटी रविवारी, मला मंगळवारी. मंगळवारी सकाळी रिकाम्या घरात एकट्यानं चहा प्यायचा कंटाळा मला शेवटपर्यंत गेला नाही. एकट्या माणसाला कदाचित हे खुपणारही नाही.

थायलंडच्या बालवाडीत आठला झेंडा, राष्ट्रगीत, आणि लगेच वर्ग. पोरं ताजी असतात. जेवण झालं की रांगेत उभं राहून दात घासतात, मग चटया टाकून झोपतात. माझं इंग्रजी त्याआधीच आटोपलेलं असतं. वर्गात पोरं भरपूर, सकाळी फाटकावर उभं राहून प्रत्येक पालकाला हात जोडायची ड्यूटी, आणि पाठ टाचणांचा ढीग. पण चारच्या पुढे-मागे मी घरी असतो. ऑक्टोबरमध्ये सत्राची सुटी असते, तारखा जुळल्या तर दिवाळी घरी. मोठी सुटी मात्र मार्चमधून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन नागपुरी उन्हात. तिला सुटी म्हणायचं की शिक्षा, ज्याचं त्यानं ठरवावं.

"नेटिव्हच पाहिजे" (म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलाच) अशा जाहिराती दोन्हीकडे भेटतात, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

तुमच्यावर घराचे हप्ते असतील, सोबत कोणी नसेल, तर व्हिएतनामला मी नाही म्हणणार नाही. लेकरं घेऊन जाणाऱ्यानं मात्र, माझं ऐकायचं तर, थोडे पैसे कमी घ्यावेत आणि थायलंडची शाळा बघावी. तिथलं वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं, तेव्हा कागदांना दिवाळीतच हात घाला. पदवी नागपूरची आणि २००५ च्या आधीची असेल तर तिच्यावर तुकडोजी महाराजांचं नाव नसणार, नुसतं नागपूर विद्यापीठ. दोन्ही एकच असल्याचं पत्र विद्यापीठाकडून आधीच मागून ठेवा.