डिझायर: पाच मिलिमीटर कमी, म्हणून १८ टक्के

मारुती डिझायरची लांबी ३९९५ मिमी आणि इंजिन ११९७ सीसी. दोन्ही आकडे कर डोळ्यांपुढे ठेवून आखलेले आहेत. लांबी ४००० मिमीच्या आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. यातली एक मर्यादा ओलांडली की थेट ४०. मूळ किंमत ६ लाख धरली, तर फरक १ लाख ३२ हजारांचा. महाराष्ट्रात रोड टॅक्सही जीएसटी धरूनच्या किमतीवर लागतो, त्यामुळे तो आणखी वाढतो.

कात्री लागली ती डिकीला. २००८ची डिझायर ४१६० मिमी लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ला गाडी ३९९५वर आणली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मात्र वाढवला, आणि डिकी ३१६ लिटरवर आली. नव्या पिढीत ती ३८२ आहे. चौघांच्या सामानाला पुरते, पण सीएनजी घेतली तर सिलिंडर डिकीतच बसतो. शोरूममध्ये सीएनजीचीच गाडी उघडायला लावा आणि घरची सगळ्यात मोठी बॅग आत ठेवून पाहा. पेट्रोल गाडीची डिकी पाहून सीएनजी बुक करणारे इथेच फसतात.

इंजिन तीन सिलिंडरचं, ८२ पीएस ताकदीचं. उभ्या गाडीत थरथर जाणवते. एसी लावून पाच जणांसह घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. कागदावरचं मायलेज २४.७९, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तेवढं धरू नका. क्रॅश टेस्टमधले पाच स्टार मात्र खरोखर मोलाचे. सुरळीत इंजिन हवं असेल तर होंडा अमेझ चालवून पाहा: चार सिलिंडर, ११९९ सीसी, डिकी ४१६ लिटर, तीही चार मीटरच्या आतच.

टेस्ट ड्राइव्हला पुढची सीट स्वतःच्या उंचीप्रमाणे लावा आणि मग तिच्याच मागे बसा. मधल्या सीटवर मोठं माणूस लांबच्या प्रवासाला बसवू नये.

कोटेशन घेताना नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते बघा. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर २०. आठ लाखांच्या गाडीला ८८ हजार की १ लाख ६० हजार, ते त्या एका ओळीवर ठरतं.