घाटासाठी चाके: जुनी कार्बनची की नवी ॲल्युमिनियमची?

सायकलची दहा वर्षे वापरलेली कार्बन रिमची चाके आणि नवी ॲल्युमिनियमची जोडी एकाच किमतीत मिळत असतील, तर त्यांतून निवड करताना आपण आधी वय मोजू लागतो; खरे तर ब्रेक कुठे लागतो, हे आधी पाहायला हवे. कार्बनचे तंतू नुसत्या वयाने फारसे थकत नाहीत. त्यांना धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन मात्र उष्णतेला हळवे असते आणि ठरावीक तापमानापलीकडे ते मऊ पडते.

रिम ब्रेकच्या चाकात, म्हणजे जिथे ब्रेकचे पॅड थेट रिमवर दाबले जातात तिथे, ही उष्णता थेट रिमच्या भिंतीवर तयार होते. चालक आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर ५०० मीटर उंची उतरताना सुमारे ४.२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. वेगात उतरणाऱ्याची बरीच ऊर्जा हवा कापण्यात जाते. पण आंबेनळीसारख्या वळणावळणाच्या घाटात सतत ब्रेक धरून, जपून उतरणाऱ्याची बहुतेक सगळी ऊर्जा रिमवर येते, म्हणजे इथे सावध माणसालाच धोका अधिक. ॲल्युमिनियम ही उष्णता रिमभर पसरवून हवेत सोडते, तर कार्बनमध्ये ती ब्रेकच्या पट्ट्यातच साचते. त्यातच टायरमधील हवा रिमच्या कडा बाहेर ढकलत असल्यामुळे मऊ पडलेली भिंत फुगू शकते, थर सुटू शकतात आणि ट्यूब फुटू शकते. शिवाय जुन्या कार्बन रिमवर पावसात ब्रेक उशिरा धरतो. म्हणून घाटात नियमित जाणाऱ्याने रिम ब्रेकची जुनी कार्बन चाके घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲल्युमिनियमही अमर नाही. पावसाळ्यातला चिखल आणि वाळू ब्रेक पॅडमध्ये अडकून रिमची भिंत झिजवतात आणि आऱ्यांच्या भोकांपाशी बारीक तडे जातात. पण ही झीज डोळ्यांना दिसते: अनेक रिमवर झीज दाखवणारी खाच असते, ती पुसली गेली की रिम बदलायची. खड्ड्यात आपटल्यास ॲल्युमिनियमची रिम वाकते आणि मेकॅनिक बहुधा चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून देतो. कार्बनची रिम वाकून इशारा देत नाही. आतले थर सुटलेले असले, तरी वरून रंग शाबूत दिसू शकतो.

डिस्क ब्रेकच्या कार्बन चाकांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तिथे ब्रेकची उष्णता रोटरवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या धातूच्या चकतीवर जाते, त्यामुळे आपटलेली नसतील, तर जुनी चाके तपासून घ्यायला हरकत नाही. रिमवरून बोट फिरवून फुगवटा शोधावा, नाण्याने सगळीकडे हलके ठोकून कुठे बद्द आवाज येतो का ते ऐकावे आणि आऱ्यांच्या भोकांभोवती तडे पाहावेत. चाके मुंबईत किंवा कोकणात वापरलेली असतील, तर आरे रिमला जोडणाऱ्या निपलकडे विशेष लक्ष द्यावे. कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियमचे निपल खाऱ्या, दमट हवेत गंजून तुटतात. ते पितळी करून घेण्याचा खर्च किमतीत धरावा. विक्रेता टायर काढून रिमची आतली बाजू पाहू देत नसेल, तर सौदा तिथेच सोडावा.